झाडाचा निर्णय निविदेआधी घ्या : सोलापूरच्या वृक्ष प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त तथा अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
वृक्ष प्राधिकरण, सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय : रस्ते, गटारी आणि इमारतींच्या नकाशांवर जुनी झाडं त्यांच्या खऱ्या मापानं दाखवण्याबाबत.

महोदय,

शहरात एखाद्या रस्त्याचं काम निघतं तेव्हा सगळ्यात आधी तिथं पोचतात ते आम्ही, मोजणीवाले. तिपाई रोवायची, टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र बसवायचं, पोराच्या हातात प्रिझमची काठी द्यायची आणि दिसेल ते टिपत सुटायचं. विजेचा खांब, ड्रेनेजचं चेंबर, पाण्याचा व्हॉल्व्ह, कंपाउंडची भिंत, दुकानाची पायरी, मारुतीचं देऊळ. खांब असेल तर लोखंडी की सिमेंटचा, भिंत असेल तर विटांची की दगडी, चेंबर असेल तर झाकणाची पातळी किती, हे सगळं लिहून घ्यावं लागतं. नाही लिहिलं तर ऑफिसातून फोन येतो. झाड आलं की पोरगा काठी बुंध्याला टेकवतो, मशीन एक बिंदू घेतं आणि रात्री संगणकावर त्या बिंदूभोवती एक हिरवा गोल पडतो. तो गोल तयार मिळतो, सगळ्यांना एकाच मापाचा. चार वर्षांच्या सुबाभळीला तोच आणि ऐंशी वर्षांच्या चिंचेलाही तोच. त्यावरून आजवर मला कुणाचा फोन आलेला नाही.

तो नकाशा पुढे डिझाइन करणाऱ्याकडे जातो. त्याला रस्त्याची मध्यरेषा आखायची असते. खांब हलवायचा तर महावितरणला पैसे भरावे लागतात. देवळाला हात लावायची कुणाची छाती नाही. भिंतीचा मालक कोर्टात जाईल. हिरव्या गोलाचं मात्र कुणीच नसतं, म्हणून रेषा निमूटपणे गोलावरून जाते. त्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? त्यानं ते झाड पाहिलेलं नसतं. कित्येकदा तो पुण्यात बसलेला असतो.

अंदाजपत्रकात मात्र झाडाचं माप हटकून येतं. रस्त्यांच्या कामांसाठी जे मानक तपशील वापरतात त्यात झाडं काढण्याची एक बाब असते आणि घेरानुसार तिचे चार गट पडतात : ३०० ते ६०० मिलिमीटर, ६०० ते ९००, ९०० ते १८०० आणि १८००च्या वर. प्रत्येकाचा दर वेगळा. म्हणजे झाड केवढं आहे हा प्रश्न सरकारी कागदात पहिल्यांदा विचारला जातो तो ते काढायला किती पैसे पडतील हे ठरवताना.

त्यानंतर कधीतरी प्रकरण आपल्यापुढे येतं. तोवर निविदा उघडलेली असते, वर्क ऑर्डर निघालेली असते, पुढाऱ्यांच्या हस्ते नारळ फुटलेला असतो आणि मक्तेदाराची मशिनरी येऊन उभी असते. मग बुंध्यावर रंगानं नंबर पडतो, एक नोटीस चिकटते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानात जाहिरात येते आणि नागरिकांनी सात दिवसांत हरकत घ्यावी असं कळवलं जातं. एखादा घेतोही. पण आपल्याकडे त्याला द्यायला उत्तर काय असतं? झाड ठेवायचं तर डिझाइन बदला, सुधारित अंदाजपत्रक करा, पुन्हा मान्यता घ्या. एवढा उपद्व्याप कुठला अधिकारी अंगावर घेईल? आपल्या जागी मी असतो तर मीही घेतला नसता.

म्हणून माझी मागणी परवानगीच्या टप्प्याबद्दलची नाहीच. ज्या दिवशी एखाद्या कामाची मोजणी करायला सांगितलं जातं त्याच दिवशी झाडंही नीट मोजायला सांगा, आणि झाडांचा तक्ता आपल्याकडून तपासून गेल्याशिवाय कुठल्याच विभागाला निविदा काढू देऊ नका. पत्र या एवढ्यासाठी आहे. पुढे लिहिलीत ती त्याची कारणं.

सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं? एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या वर जातो. दुपारी दोनला कुठल्याही सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून बघा. लाल दिवा लागला की दुचाकीवाले पांढऱ्या पट्ट्यापर्यंत येतच नाहीत. पंचवीस-तीस फूट अलीकडे, जिथं कडुनिंबाची सावली पडलीय तिथं गाडी लावतात आणि हिरवा लागला की तिथूनच सुटतात. मागचाही हॉर्न वाजवत नाही, कारण तोही सावलीत चाक घालायच्या खटपटीत असतो. त्याच झाडाखाली रिक्षांचा थांबा असतो, चपला शिवणारा बसलेला असतो, पूर्व भागात असाल तर तयार विड्या द्यायला निघालेल्या बाया डोक्यावरचं ओझं उतरवून घटकाभर टेकलेल्या दिसतात. ज्याच्याकडे एसी आहे त्याला झाड गेल्याचं कळायला वेळ लागतो. या लोकांना त्याच दुपारी कळतं.

आता पाण्याचं बघू. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर आला. नव्या रोपाला निदान तीन उन्हाळे हातानं पाणी द्यावं लागतं, आणि आपलं गाव असं की नळाला रोज पाणी आलं तर पेपरात बातमी होईल. उजनीतून शंभरावर किलोमीटर पाइपानं आणलेल्या पाण्यातून रोपांच्या वाट्याला किती येणार? जूनमध्ये वृक्षारोपण होतं, फोटो निघतात, थंडीत टँकर चार फेऱ्या मारतो आणि मार्च लागला की तो वस्त्यांकडे वळतो. वळायलाच हवा, माणसं तहानलेली असताना रोपांना पाणी घाला असं मी तरी म्हणणार नाही. पण रोपं मरतात. रस्त्याच्या कडेचे लोखंडी पिंजरे बघा. त्यातल्या कितीकांत आज झाड आहे आणि कितीकांत चहाचे कागदी कप?

ज्या कडुनिंबानं १९७२चा दुष्काळ काढला त्याला मात्र महापालिकेनं थेंबभर पाणी घातलेलं नाही. त्याची मुळं मुरमातून वाट काढत खाली गेलीत. त्याच्यासोबत उगवलेली बाकीची कधीच जळून गेली. इथं जे झाड मोठं झालं ते कित्येक कोरड्या वर्षांतून निवडून उरलेलं आहे, आणि असं झाड कुठल्याच नर्सरीत मिळत नाही.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम हा आपला कायदा १९७५चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि काही चांगल्या गोष्टी आल्या. तोडायच्या झाडाचं वय जेवढं, तेवढी रोपं लावायची, सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवायची. ऐकायला ही भरपूर भरपाई वाटते. मोजणीवाला म्हणून जरा हिशोब मांडतो. चाळीस वर्षांच्या कडुनिंबाच्या फांद्यांचा विस्तार बारा मीटर धरा. ऐन दुपारी त्याच्याखाली सुमारे ११३ चौरस मीटर सावली पडते. आठ फुटी रोपाचा विस्तार एक मीटर धरला, आणि उदारपणेच धरतोय, तर त्याची सावली पाऊण चौरस मीटरहून थोडीशी जास्त भरते. चाळीस रोपं मिळून ३१ चौरस मीटर. त्या एका निंबाची बरोबरी करायला अशी १४४ रोपं लागतील, आणि तीही सगळी जगली तर. पाणी म्हणाल तर चाळीस रोपांना आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा लिटर, म्हणजे आठवड्याला १२०० लिटर. ज्याला काहीच लागत नव्हतं ते झाड काढून आपण हा खर्च मागे लावून घेतो.

बरं, ही रोपं लावायची कुठं? शहरात जागा नाही म्हणून गाडी निघते गावाबाहेरच्या माळावर. इथं मला आमच्या झाडंप्रेमी मित्रांशीही थोडं भांडायचंय. सोलापूरचा माळ ही रिकामी पडलेली जागा नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते त्या उघड्या गवतावर जगणाऱ्या पक्ष्यासाठी. लांडगा, काळवीट, धाविक, चंडोल या सगळ्यांना मोकळा माळच लागतो. तिथं ओळीनं खड्डे घेऊन ग्लिरिसिडिया ठोकला की माळही गेला आणि शहरातली सावली तर आधीच गेलेली. रेल्वे लाइन्स या वस्तीतल्या एखाद्या झाडाची भरपाई माळावर झाली, तर रेल्वे लाइन्समधून स्टेशनकडे चालत जाणाऱ्याच्या डोक्यावर काय येणार?

परवानगी घेऊन तोडलेलं झाड निदान कागदावर तरी दिसतं. मला मोजणीत त्याहून जास्त दिसतात ती उभी असलेली, पण मारून ठेवलेली झाडं. ती कशी मारली जातात ते एका चिंचेवरून सांगतो. जुळे सोलापूरकडची एक कॉलनी. काम कुठल्या खात्याचं होतं ते मुद्दाम लिहीत नाही. खातं बदललं तरी गोष्ट हीच असते. कॉलनी व्हायच्या आधी तिथं शेत होतं आणि त्या शेताच्या बांधावरची ही चिंच, प्लॉट पडले तेव्हा रस्त्याच्या कडेला आली. चांगली दोघांच्या कवेत न मावणारी. शेजारच्या तेलुगू घरांतल्या बाया पालवी फुटली की तिचा कोवळा चिगूर आमटीत घालायला तोडून न्यायच्या.

केबलसाठी तीन फूट खोल चर घ्यायचा होता. तो बुंध्यापासून दोन हातांवरून सरळ गेला. बकेटला मुळं अडकली तेव्हा जेसीबीवाल्यानं दोनतीनदा मागंपुढं करून हिसका दिला. मी चरात उतरून पाहिलं. दंडाएवढी मुळं होती, आणि ती कापलेली नव्हती, फाटलेली होती. साल लांबवर सोलून निघालेली, आतले धागे केरसुणीसारखे बाहेर आलेले, आणि त्यातून अजून ओल झिरपत होती. संध्याकाळपर्यंत केबल पडली, मुरूम भरला गेला. नंतर त्यावर पेव्हर ब्लॉक बसले, बुंध्याला इतके चिकटून की मधे बोट जाऊ नये. पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूला पालवी विरळ आली. त्याच्या पुढच्या वर्षी तिकडच्या फांद्या वाळल्या. दुसऱ्या बाजूच्या हिरव्या फांद्या तारांना लागतात म्हणून छाटल्या गेल्या, त्यामुळे तोल आणखी गेला. मग मे महिन्यातल्या एका वळवात चराच्या बाजूनं वारा आला आणि चिंच विरुद्ध बाजूला आडवी झाली, एका चारचाकीवर. माणूस नव्हता हे नशीब. कागदावर कारण लागलं : जुने व जीर्ण झाड, वादळी वारे.

चिंचेचं सोटमूळ खोल असतं, वरची चार तुटली तर काय बिघडतं, असं मला एका इंजिनिअरसाहेबांनी ऐकवलं होतं. झाडाला पाणी आणि अन्न पोचवणारी बहुतेक मुळं वरच्या दोनतीन फूट मातीत असतात आणि फांद्या जिथवर जातात त्याच्याही पलीकडे पसरतात. आपले सगळे चर, सगळ्या गटारी, सगळे डक्ट नेमके त्याच दोनतीन फुटांत. आणि वरून सिमेंट केलं की पावसाचं पाणीही आत जात नाही, हवाही नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं. एक मीटर म्हणजे मोठ्या झाडाला काहीच नाही, पण आपल्याकडे तेवढंही सुटलं तर मी आनंदानं पेढे वाटीन.

मुळं तोडायला कुणी आपली परवानगी मागत नाही, कारण झाड तोडायचं म्हणजे बुंधा कापायचा अशीच सगळ्यांची समजूत आहे. १९७५च्या कायद्यात मात्र झाड जाळणं आणि त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच धरलंय. तो चर कायद्यानं वृक्षतोड होता. आपण एक साधं पत्रक काढून खोदाईची परवानगी देणाऱ्या प्रत्येक टेबलावर ठेवलं, की विस्ताराच्या आत जेसीबी चालणार नाही, तिथं हातानं खोदायचं आणि जाड मूळ लागलं तर उद्यान विभागाला कळवायचं, तरी निम्म्या चिंचा वाचतील. केबल तर मुळांच्या खालून बोअर मारूनही नेता येते. मोबाइल कंपन्यांना डांबरी रस्ता फोडायचा नसतो तेव्हा त्या तसंच करतात. रस्त्यासाठी जे जमतं ते झाडासाठी का जमू नये?

रेषा वळत नाही, असं मला कुणी सांगू नये. माझं पोट रेषा वळवण्यावर चालतं. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. त्याच महामार्गाच्या कामात सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड आडवा येत होता, लोक चारशे वर्षांचा म्हणत. २०२० मध्ये गावकरी आणि झाडंप्रेमी उभे राहिले आणि आखणी बदलली गेली. राष्ट्रीय महामार्ग, केंद्राचं काम, तरीही. शहरातल्या बारा किंवा अठरा मीटरच्या रस्त्यात तर एवढंही करावं लागत नाही. गटार दोन फूट आत घ्या, फूटपाथ झाडाच्या मागून न्या, पार्किंगची एक जागा कमी करा, दुभाजक रुंद करून झाड त्यात घ्या. कागदावर पेन्सिलनं अर्ध्या दिवसाचं काम आहे. काँक्रीट ओतल्यावर तेच काम लाखांत जातं.

आता दुसरी बाजू, कारण झाड म्हटलं की हात जोडणाऱ्यांपैकी मी नाही. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया रस्त्यात येत असेल तर खुशाल काढा, हळहळायचं कारण नाही. गुलमोहर आणि पेल्टोफोरमचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या पडतात. पोखरलेलं, कललेलं झाड शाळेच्या फाटकावर असेल तर माणसांचा जीव आधी. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वजांच्या मार्गावरच्या फांद्या छाटतात, त्या छाटल्याच पाहिजेत. सिद्धरामेश्वरांचे एवढे उंच नंदीध्वज काय तारा आणि फांद्या चुकवत न्यायचे? छाटणी वाईट नसते, अडाणी छाटणी वाईट. एकाच बाजूनं, कुऱ्हाडीनं, साल लोंबती ठेवून केलेली. आणि पुनर्रोपणावर फार भिस्त ठेवू नका. वड, पिंपळ, उंबर नीट काळजी घेतली तर दुसरीकडे धरतात. मोठी चिंच आणि मोठा कडुनिंब सोलापूरच्या उन्हात उचलून लावायचा म्हणजे बहुतेक वेळा क्रेनच्या भाड्यासकट अंत्यविधी.

म्हणूनच सगळी झाडं एकाच गोलात बसवू नका असं म्हणतोय. कुठलं जाऊ द्यायचं हे ठरवायलाही आधी कुठलं काय आहे ते माहीत हवं.

२०२१च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरच्या झाडाला वेगळा दर्जा दिलाय, प्राचीन वृक्ष म्हणून. सोलापूरला हा दर्जा फार जवळचा वाटायला हवा. आपल्या महापालिकेचं इंद्रभुवन घ्या. अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या त्या वास्तूची कमान, नक्षी, खांब यांचं जतन झालं, चांगलं झालं, परगावचे पाहुणे आले की आपण अभिमानानं दाखवतो. त्या वास्तूच्या वयाची झाडं या शहरात अजून आहेत. जुन्या गिरण्यांच्या आवारात, रेल्वे लाइन्सच्या बंगल्यांत, सात रस्त्याच्या बाजूला, सरकारी कचेऱ्यांच्या अंगणांत. इंद्रभुवनाच्या भिंतीला खिळा ठोकला तर आपण गुन्हा नोंदवाल. या झाडांना क्लासेसच्या, पीजीच्या आणि मूळव्याधीच्या डॉक्टरांच्या पाट्या ठोकलेल्या असतात. प्रभागवार ५० वर्षांवरच्या झाडांची यादी करून ती झोन कार्यालयांच्या भिंतीवर लावा. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं कायद्यानं आहेच. त्यातून नुसता आकडा नको, पत्त्यासकट झाड हवं.

खासगी जागांचं दुखणं निराळं आहे. तिथं झाड जातं ते शनिवारी रात्री नाही तर दिवाळीच्या सुट्टीत. सोमवारी बघावं तर भुसा आणि मोकळं आकाश. काही ठिकाणी तर करवतही लागत नाही, बुंध्यात ऍसिड ओतायचं आणि झाड आपोआप वाळलं म्हणून अर्ज करायचा. यात बिल्डरच असतात असंही नाही. पानांचा कचरा पडतो, दुकानाची पाटी झाकली जाते, वास्तूला चालत नाही, एवढ्यावर आपलेच शेजारी हे करतात. या गावातल्या लोकांनी एकेकाळी झाडं दिवसाढवळ्या, सांगून तोडली होती. ८ मे १९३० रोजी रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडायला जमाव निघाला तो सरकारचं दारूचं उत्पन्न बुडवायला. त्यातून गोळीबार झाला, मार्शल लॉ आला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ला चार सोलापूरकर फासावर गेले. त्यांना लपवण्यासारखं काही नव्हतं. शनिवारी रात्री करवत चालवणाऱ्याला लपवायचं असतं, कारण आपण काय करतोय ते त्याला पक्कं माहीत असतं.

त्याला जरब बसेल असं एक उदाहरण आपल्या हातात आहे. ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात परवानगीशिवाय ४५४ झाडं तोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये झाडामागे एक लाख रुपये दंड मान्य केला, आणि तेवढी हिरवाई पुन्हा उभी राहायला किमान शंभर वर्षं लागतील असंही म्हटलं. अशी तोड कळवायला सुट्टीच्या दिवशीही चालू असलेला एक फोन नंबर आणि तो उचलणारा एक माणूस, एवढी सोय आपण केलीत तरी पुष्कळ.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण शहराची सध्याची घाई. होटगी रस्त्यावरून विमान उडू लागलंय. उड्डाणपुलांच्या फायली पुढे सरकतायत. १९९२च्या हद्दवाढीनं गाव १७८ चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, शेळगी, कुमठे, सोरेगाव, मजरेवाडी या भागांत रस्ते आणि ड्रेनेजची कामं अजून व्हायचीच आहेत. व्हावीत, लवकर व्हावीत. पावसाळ्यात त्या चिखलातून मोजणी करताना मीच कितीदा बूट हातात घेतलेत. पण या जुन्या गावठाणांत आणि बांधांवर चिंचा, वड, निंब शिल्लक आहेत. गावाच्या मधल्या भागात जे गेलं ते गेलं. इथं अजून रेषा आखायची आहे.

मोजणीत काय हवं तेही सांगून टाकतो, म्हणजे निविदेच्या अटींत जसंच्या तसं घालता येईल. एक मीटरहून जास्त घेराचं प्रत्येक झाड स्वतंत्र नोंदवायचं. जात, छातीच्या उंचीवरचा घेर, चारही दिशांना फांद्यांचा विस्तार, बुंध्याची अवस्था, एक फोटो. नकाशावर विस्तार खऱ्या मापानं काढायचा, म्हणजे डिझाइन करणाऱ्याला रेषा त्यावरून नेताना ती कशावरून जातेय ते दिसेल. शेजारी तक्ता, त्यात तीनच रकाने : राहणार, विचार करावा लागणार, काढलं तरी चालेल. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक झाडासाठी डिझाइन करणाऱ्यानं निदान एक पर्याय काढून दाखवायचा आणि तो का जमत नाही ते सहीनिशी लिहायचं. सही करावी लागली की माणूस आधी जागेवर जाऊन येतो, हा माझा अनुभव आहे. आणि झाडं राखलेला नकाशा मक्तेदाराच्या करारात जोडायचा. त्यातलं झाड दुखावलं तर बिलातून कापायचं, जसं तुटलेल्या पाइपाचं कापतात तसं.

खर्च? एका झाडाला टेप लावून, फोटो काढून, लिहून घ्यायला पाच मिनिटं लागतात. किलोमीटरभर रस्त्यात शंभर झाडं असली तरी एक दिवस वाढतो. ज्या कामाला दोन वर्षं जास्त लागल्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही, त्यात हा एक दिवस सहज खपून जाईल.

हे जमतं की नाही ते बघायचं असेल तर आपल्या यादीतला कुठलाही एक रस्ता सांगा. मी आणि माझा पोरगा मिळून एका रविवारी त्यावरची झाडं विनामोबदला मोजू, आणि वर लिहिल्याप्रमाणे नकाशा व तक्ता करून आपल्याला देऊ. रस्ता कुठल्याही झोनमधला चालेल. त्याची निविदा तेवढी अजून निघालेली नसावी.

आपला,
सोलापुरातला एक मोजणीवाला